सतरावं दान

१

श्रावण लागला की भोरच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावी कॉमर्सच्या वर्गात चिंचोके यायचे. ही शुभदा मॅडमची पद्धत. नाणी वर्गात आणली तर ती मधल्या सुट्टीत वडापावच्या गाडीवर जातात, फासे कुणाच्या घरी असतील याचा नेम नाही; चिंचोके मात्र घरोघर सापडतात. मधोमध फोडायचे, आतली पांढरी बाजू दगडावर घासून सपाट करायची, चार अर्धुकं मुठीत घोळवायची आणि टाकायची. पांढरे किती वर आले? शून्य, एक, दोन, तीन की चार? टाकण्याआधी जी सांगता येत नाही आणि टाकल्यावर आल्याशिवाय राहत नाही, त्या संख्येला म्हणायचं यादृच्छिक चल. पुस्तकात याची दीड पान व्याख्या आहे. ती मुलांना कळत नाही, चिंचोके कळतात.

दरवर्षी एखादं पोरगं उठून सांगायचंच, की मॅडम, आमच्याकडं खेळताना चारही काळे पडले की आठ धरतात. मग शुभदा ठसक्यात म्हणायची, "चिंचोके तेच, नियम माझा. इथे चारही काळे म्हणजे शून्य." आणि फळ्यावर कोष्टक मांडायची. सोळातून एकदा शून्य, चारदा एक, सहादा दोन, चारदा तीन, एकदा चार. हे झालं संभाव्यता वितरण. आता प्रत्येकानं घरी जाऊन बत्तीस दानं टाकायची आणि चौकटीच्या कागदावर ओळीनं लिहून आणायची. पुस्तकाप्रमाणे दोन, आठ, बारा, आठ, दोन असं यायला हवं.

आणि यायचंही तसंच. आता ज्यानं आयुष्यात बत्तीस वेळा काहीही टाकून पाहिलंय त्याला ठाऊक असतं, की ते इतकं आज्ञाधारकपणे कधी पडत नाही. शुभदालाही ते ठाऊक होतं. पोरं पुस्तकातून उलट्या हिशेबानं लिहून आणतात हे तिला कळायचं, आणि मॅडमना कळतंय हे पोरांना कळायचं. पाचपैकी पाच गुण मिळायचे आणि प्रकरण संपायचं. अठरा वर्षं असंच चाललं होतं.

त्या रविवारी दुपारी ती त्रेचाळीस कागद घेऊन बसली. नवरा, कुमार, समोर चहा घेत होता. तो पंचायत समितीत कारकून. कागदांच्या गठ्ठ्याला हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं आठ-दहा कागद एकाखाली एक सरकवून ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, "तुझ्या पोरांचं सतराव्या दानाशी काय वाकडं आहे गं?"

तिनं पाहिलं. बाकीचे आकडे कुठे दोन, कुठे तीन, वाटेल तसे. सतराव्या चौकटीत मात्र सगळीकडे शून्य. तिनं उरलेले कागद पाहिले. त्रेचाळिसांपैकी त्रेचाळीस. एकूण बेरजा बरोबर होत्या, प्रत्येकाची शून्यंही दोनच होती; पण त्यातलं एक न चुकता सतरावं.

२

नक्कल केली असणार, दुसरं काय. सोमवारी वर्गात जाईपर्यंत तिनं मनाशी हे पक्कं केलं होतं. पण नक्कल करणारा सबंध कागद उतरवतो. एकच चौकट कोण उतरवेल? आणि योगायोग म्हणावा तर सोळाचा त्रेचाळिसावा घात छेदात. दशांश चिन्हापुढे पन्नासच्या वर शून्यं लागत होती. हे तिनं पेपरच्या कोऱ्या कडेला मांडून पाहिलं आणि मग खोडलं.

पहिल्या बाकावरच्या प्रद्युम्नला तिनं उभं केलं. हा सरळ बोलणारा मुलगा. त्यानं पायाकडे बघत कबूल केलं, की त्यानं चिंचोके फोडलेसुद्धा नव्हते. सगळं पुस्तकावरनं लिहिलं होतं.

"मग सतरावा शून्य का लिहिलास?"

"काय की मॅडम. हात तसा गेला."

वर्ग हसला. शुभदाही हसली, कारण न हसण्यासारखं त्यात काही सांगता येईना. आता सगळ्यांनी इथेच, माझ्यासमोर टाका, असं तिनं फर्मावलं. ज्यांच्याकडे चिंचोके नव्हते त्यांना तिनं आपल्या डब्यातले दिले. ती आकडा म्हणणार आणि त्या आकड्याला सगळ्यांनी एकदम टाकायचं.

एक, दोन, तीन. लाकडी बाकांवर चिंचोक्यांचा असा काही खडखडाट झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. पोरांना मजा येत होती. कुणाचा चिंचोका खाली पडत होता, कुणी दुसऱ्याचा ढापत होतं. पंधरा. सोळा. सतरा.

सतराव्या दानाचा आवाज वेगळा आला. खडखड नाही, पावणेदोनशे चिंचोके एकाच क्षणी टेकले आणि टेकले तिथेच राहिले. एकही गडगडला नाही. शुभदा बाकांमधून शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली. सगळीकडे काळ्या तपकिरी पाठी वर होत्या.

"मॅडम, आठ आठ," मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. शुभदानं अठरा म्हटलं नाही. तास संपायला वीस मिनिटं असताना तिनं पोरांना वाचनालयात पाठवून दिलं.

३

ज्याला काही आठवायचं नसतं तो माणूस कारणं शोधतो. शुभदानं पुष्कळ शोधली. पावसाळी हवेत चिंचोके फुगतात. घासून सपाट केलेली बाजू खाली बसते आणि गोल पाठ वर येते, म्हणजे मुळात काळं पडण्याची शक्यता जास्तच. हे दुसरं कारण तर खरंच होतं. निम्मं-निम्मं हे नाण्याचं गणित, चिंचोक्याचं नव्हेच. हे तिला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी ती दरवर्षी फळ्यावर नाण्याचं कोष्टक काढून चिंचोक्यांना त्यात बसवत होती.

आणि तिथवर पोचलं की पुढचं आठवायचंच.

सहा वर्षांपूर्वी बारावीत रत्ना नावाची मुलगी होती. हिर्डोशीची. तिकडून एस.टी. धड येत नाही म्हणून भोरमध्ये एका नातेवाइकांकडे राहायची. बोलायला कमी, अक्षर टपोरं. त्या वर्षी कृतियुक्त अध्यापन पाहायला जिल्ह्याहून पथक येणार होतं आणि शुभदानं भिंतीवर लावायचा तक्ता आधीच रंगवून ठेवला होता: दोन, आठ, बारा, आठ, दोन, पाच रंगांचे पाच खांब. पोरांनी दानं टाकायची ती नंतर. पथकासमोर एकेकानं उठून आपले आकडे वाचले आणि सगळं कसं तक्त्याबरहुकूम जुळत गेलं. मग रत्ना उठली आणि म्हणाली, बत्तीसच्या बत्तीस शून्य.

पाहुण्यांनी भुवया उंचावल्या. तिनं हसत हसत रत्नाला पुढे बोलावलं, आपल्या डब्यातले चार चिंचोके दिले आणि टाक म्हणाली. दोन पडले. पुन्हा टाक. एक. पुन्हा. तीन. "बघा, प्रत्यक्ष टाकलं की कसं पडतं," असं ती पाहुण्यांकडे बघून म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. पोरगी म्हणत होती, की मला माझ्या चिंचोक्यांनी टाकू द्या. शुभदानं ते तिच्या हातून काढून घेतले आणि पर्समध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला: मी न टाकता खोटे आकडे लिहिले, पुन्हा असे करणार नाही. खाली टपोरी सही. दिवाळीनंतर ती मुलगी आलीच नाही.

इतकं कुमारला ठाऊक होतं, स्टाफरूमला ठाऊक होतं; सगळे म्हणाले होते की शिस्त हवीच. कुणालाच ठाऊक नव्हतं ते एवढंच, की माफीनामा घेण्याच्या आदल्या संध्याकाळी शुभदानं घरी जेवणाच्या टेबलावर ते चार चिंचोके टाकून पाहिले होते. चारही काळे. परत टाकले. चारही काळे. सोळा वेळा टाकले तोवर पोळ्यांचा तवा जळून धूर झाला होता. सतराव्यांदा टाकायचा तिला धीर झाला नाही. पोरगी खरं बोलत होती हे तिला समजलं, आणि ते समजलेलं घेऊन ती दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली आणि तिनं माफीनामा घेतला. पथकाचा शेरा 'उत्कृष्ट' असा आला होता. तो बदलायचा कसा? चिंचोके तिनं नीरेच्या पुलावरून पाण्यात टाकले.

सहा वर्षांत ही गोष्ट आठवली की ती एकटी असली तरी तिचे कान तापायचे. कुणी पाहत नसताना लाज वाटते ती लवकर जात नाही.

४

आठवडाभरात अठरावं दानही शून्यावर गेलं, मग एकोणिसावं. शुभदानं वर्गात चिंचोके बंद केले, तर पोरं मधल्या सुट्टीत कट्ट्यावर टाकून बघू लागली आणि येऊन सांगू लागली. आधी हसत सांगायची, मग नुसतंच सांगायची. पंचविसाव्यापर्यंत गेल्यावर चैत्राली नावाच्या मुलीनं आपले चिंचोके शुभदाच्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाली की हे घरी नकोत असं आई म्हणते.

तिनं पुढचा धडा घेतला. अपेक्षित मूल्य. यात चिंचोके नव्हते. एका कारखान्यातल्या दिव्यांचं उदाहरण होतं, खराब दिवे किती निघतील वगैरे. तिनं फळ्यावर कोष्टक काढलं, प्रत्येक किमतीला तिच्या संभाव्यतेनं गुणलं आणि बेरजेची रेघ मारली. उत्तर एक पूर्णांक दोन दशांश यायचं होतं. सवयीनं तिनं पाठमोरंच विचारलं, "म्हणजे किती?"

"शून्य," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

ती वळली. पोरं वहीत लिहीत होती. कुणी चेष्टा केल्याचा भाव कुणाच्याच तोंडावर नव्हता. तिनं बेरीज स्वतः करून उत्तर लिहिलं. पोरांनी ते मुकाट्यानं उतरवून घेतलं.

घरीसुद्धा तो आवाज येऊ लागला होता. चार बारीक टकटक, जवळजवळ एकदम, मग थोडा वेळ काही नाही, मग परत. मधल्या वेळात एक आकडा लिहिता यावा इतकं अंतर. ती भांडी थांबवून ऐकायची तेव्हा तो यायचा नाही; ऐकायचं सोडलं की यायचा. कुमारला विचारलं तर तो म्हणाला, पन्हाळीचं पाणी असेल. असेलही. पण पन्हाळीचं पाणी शनिवारी दुपारी कोरड्या स्टाफरूममध्ये कुठून येणार? त्याच दुपारी ती घरी न जाता स्टँडवर गेली आणि हिर्डोशीकडे जाणाऱ्या गाडीत बसली.

जाऊन करायचं काय हे तिनं खिडकीशी बसून ठरवलं. रत्ना भेटेल, तिची माफी मागायची, बस. गणिताच्या भाषेत याला काही अर्थ नव्हता. पण गणिताच्या भाषेत सध्या कशालाच अर्थ नव्हता.

५

रत्नाच्या आईचं नाव बनाबाई. घर गावाच्या वरच्या अंगाला, खाली धरणाचं पाणी आणि मध्ये भाताची खाचरं. ती पडवीत नाचणी पाखडत बसली होती. शुभदानं नाव सांगायच्या आत तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला आणि बसायला पोतं अंथरलं. कोरा चहा आला. बनाबाईच्या वागण्यात राग दिसत नव्हता, आणि राग नसल्यामुळे शुभदानं कप तसाच खाली ठेवला.

रत्ना कशी आहे, असं तिनं विचारलं. बनाबाईनं सांगितलं की रत्नी शिवऱ्याला दिलीय, चार वर्षं झाली. जावई गोरख, हायवेला टायरचं दुकान आहे. रत्नी तिथंच बाजूला चहा-नाष्ट्याची टपरी चालवते, एक मुलगी आहे, तब्येत सुटलीय, तोंड आता बंद होत नाही. ऐकता ऐकता शुभदाच्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. म्हणजे पोरीचं काही वाईट झालं नव्हतं. आपण उगाच सहा वर्षं जळत राहिलो, असं वाटून तिला हसूसुद्धा आलं.

मग आतल्या खोलीतून आवाज आला. चार टकटक. थोडं थांबून कागदावर पेन्सिल घासल्याचा.

"आत कोण आहे?"

"ती हाये की," बनाबाई म्हणाली.

"ती कोण?"

बनाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, मलाच इचारता व्हय? तुमी म्हनाला हुता तिला भर वर्गात. पांढरं पडंपतूर टाकत बस, म्हनून. ती बसली."

शुभदाला आठवेना. तिला तक्ता आठवत होता, पाहुण्यांचे चेहरे आठवत होते, पर्सची चेन आठवत होती. हे वाक्य आठवत नव्हतं. आणि तरी ते आपलंच आहे, त्यातला तो लाडीक ठसका आपलाच आहे, हे तिला ऐकता क्षणी पटलं. किती पोरांना किती वर्षं ती असं काहीबाही बोलत आली होती.

बनाबाई बोलत राहिली. पोरगी घरी आली ती नवे चिंचोके फोडून आत बसली. जेवायला उठायची, पुन्हा बसायची. चार महिन्यांनी आईनं हात धरून उठवली, बाहेर आणली, पुढं लग्न लावलं. ती गेली आणि संसाराला लागली. "पर उठली ती येकलीच. ही न्हाई उठली. आमच्यात चारी काळं पडलं की आनिक येक दान टाकायचं असतंय. मग हिनं थांबायचं कसं, तुमीच सांगा."

"रत्नाला हे माहीत आहे?"

"न्हाई. दिवाळीला आली तवा त्याच खोलीत निजली लेकीला घेऊन. तिला न्हाई काय आयकू येत." बनाबाईनं सूप परत मांडीवर घेतलं. "रत्नी माझी. ही तुमची हाये."

शुभदा उठली. या बाईचं डोकं फिरलंय, आत एखादी भाची-पुतणी बसली असेल, असं मनाशी म्हणत ती उंबऱ्यापर्यंत गेली. आत जायची हिंमत झाली नाही. खोलीत खिडकी नव्हती. कौलात बसवलेल्या काचेतून थोडा उजेड खाली आला होता. त्यात पाठमोरी एक मुलगी मांडी घालून बसलेली दिसली. निळा गणवेश, दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. तिच्या दोन्ही बाजूंना चौकटीच्या कागदांचे गठ्ठे होते, खांद्याला लागतील एवढे. उजवा हात पुढे गेला, चिंचोके टेकले, हात परत आला आणि लिहू लागला. चेहरा दिसत नव्हता आणि शुभदाला तो पाहायचाही नव्हता.

"रत्ना," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तू खरं लिहिलं होतंस. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. माझं चुकलं."

हात थांबला. मुलगी वळली नाही.

"मला ठावं हाये, मॅडम," ती म्हणाली. "मला कशाला सांगता?"

आणि पुन्हा चिंचोके टेकले.

बनाबाई गाडीच्या रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाटेत ती एकच बोलली, की ज्या पोरांसमोर बसवली तशाच भरल्या वर्गासमोर उठवा, घरात येऊन कानात सांगून ती उठायची नाही.

६

सोमवारचा पहिला तास. रविवारचा सगळा दिवस शुभदानं एकच वाक्य घोकलं होतं: सहा वर्षांपूर्वी याच वर्गात एका मुलीनं खरं लिहिलं होतं, आणि ते मला माहीत असून मी तिला खोटं ठरवलं. एवढंच म्हणायचं. नोकरी जाणार नव्हती, जीव जाणार नव्हता. चार लोक चार दिवस बोलले असते. तिनं हजेरी घेतली, रजिस्टर मिटलं आणि म्हणाली, "मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे."

त्रेचाळीस चेहरे वर झाले, आणि दार वाजलं. पर्यवेक्षक आनंदराव जिल्ह्याच्या पथकातल्या दोन पाहुण्यांना घेऊन आत आले. पुढच्या आठवड्यात यायचे ते आजच आले होते. मॅडमचा चिंचोक्यांचा प्रयोग साऱ्या तालुक्यात नावाजलेला, असं आनंदराव सांगू लागले. पाहुण्यांनी वह्या उघडल्या. शुभदाच्या मनात आलं, उलट बरंच झालं, यांच्यासमोरच सांगून टाकू. खरंच तिच्या मनात आलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "चला, काढा चिंचोके."

ज्यांच्याकडे नव्हते त्यांना तिनं डब्यातले दिले आणि सगळ्यांनी टाकले. तोच तो आवाज, एका क्षणी टेकलेला, आणि आता पहिल्याच दानाला. पहिल्या तीन बाकांवरचं तिला जागेवरून दिसत होतं. सगळ्या काळ्या पाठी.

"सांगा बघू, कुणाला किती?" आनंदराव म्हणाले.

प्रद्युम्न उठला. त्यानं समोरच्या चार काळ्या चिंचोक्यांकडे पाहिलं, मग शुभदाकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "दोन."

"एक," चैत्राली म्हणाली. मग कुणी तीन, कुणी दोन, कुणी परत दोन. एकेक जण उठत होता, मॅडमकडे बघत होता आणि पुस्तकातलं सांगत होता. पोरं तिला सांभाळून घेत होती. हे त्यांना कुणी शिकवलं होतं ते तिला माहीत होतं. आनंदराव समाधानानं मान हलवत होते आणि पाहुणे लिहून घेत होते. शुभदाला वाटलं, जमीन दुभंगावी.

तिसऱ्या बाकावर शुभ्रा होती. आंबवड्याहून येणारी, शांत, आपण बरं आपला अभ्यास बरा अशातली. ती उठली आणि म्हणाली, "शून्य."

"पुन्हा टाक," एक पाहुणे हसून म्हणाले. तिनं टाकले. "शून्य," ती म्हणाली. आणखी एकदा टाकले. "शून्यच आहे, सर. सगळ्यांचंच शून्य आहे."

आनंदरावांनी शुभदाकडे पाहिलं. पाहुण्यांनीही पाहिलं. शुभ्रासुद्धा तिच्याकडेच पाहत होती, विश्वासानं. ती खरं सांगतेय, एवढे तीन शब्द पुरले असते. शुभदानं तोंड उघडलं आणि आपलाच आवाज ऐकला, लाडीक, ठसक्याचा.

"खाली बस, शुभ्रा. नीट टाकायला शीक आधी."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. शुभ्रा खाली बसली.

पुढचं सगळं सुरळीत झालं. पाहुण्यांनी शेऱ्याच्या वहीत दोन ओळी लिहिल्या. त्या दिवशी तालुक्याच्या स्पर्धेसाठी तीनच तास होते, म्हणून कॉलेज लवकर सुटलं. शेवटच्या तासाला शुभदा पुन्हा त्याच वर्गात होती. काय शिकवलं ते तिलाही सांगता आलं नसतं. घंटा झाली, बाकं सरकली, पोरं बाहेर पडली. ती मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, कारण तिथून फाटक दिसतं. पोरांच्या घोळक्यात शुभ्रा दिसली, चैत्रालीच्या छत्रीत अर्धी शिरलेली. चैत्राली काहीतरी बोलली आणि शुभ्रा खदखदून हसली. शुभदाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीनं मनावर घेतलेलं नाही. उद्या सांगू, उद्या सगळ्यांसमोर नक्की सांगू. दोघी फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्त्याला लागल्या.

तेव्हा तिच्या मागे, रिकाम्या वर्गात, चिंचोके टेकले.

तिनं मान वळवली. तिसऱ्या बाकावर पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. दोन वेण्या, मान खाली. हात कागदावर चालत होता. फाटकाबाहेर शुभ्राची निळी ओढणी अजून छत्रीखाली दिसत होती, आणि तीच ओढणी बाकावर त्या खांद्यांवर होती. लिहून झाल्यावर हात पुढे गेला.

शुभदा खिडकीचा गज धरून उभी राहिली. किती दानं पडली ते तिनं मोजलं नाही. शेवटी दाराशी किल्ल्यांचा आवाज झाला. गेनू शिपाई आत डोकावला, त्यानं पंखा बंद केला, एक उघडी खिडकी ओढून घेतली आणि तिसऱ्या बाकाजवळ येऊन थबकला.

"मॅडम, खोली लावायची हाये," तो म्हणाला. "ह्या पोरीला उठवा की. तुमचंच ऐकंल ती."